रहेमतबीच्या नावाची बॅग

बॅग हरवल्याचं कळलं तो मंगळवार होता.

जलालुद्दीन मिस्त्री माजलगावहून बसनं हैदराबादला आला होता आणि विमानतळाच्या दारासमोर कठड्याला टेकून मुलाची वाट पाहत होता. चेन्नईच्या विमानातली माणसं निघाली, गेली. त्यांच्या मागोमाग एक मोठा घोळका आला. पांढऱ्या टोप्या, हातात मक्केच्या झमझम पाण्याचे डबे, गळ्यात एकसारख्या हिरव्या पट्ट्या. मक्केची उमरा यात्रा करून मुंबईमार्गे परतलेली मंडळी होती. त्यांचे नातलग हार घेऊन धावले, गळाभेटी झाल्या, रडारड झाली. तो गलका ओसरला तरी वासिफ दिसेना. पाऊण तासानं तो बाहेर आला, तेव्हा पाठीला फक्त छोटी सॅक होती.

"बॅग कुठंय?"

"आली न्हाई, अब्बा."

"आली न्हाई म्हंजी? वरून खाली पडली का?"

"कुणीतरी उचलली. चेन्नईत चढली, इथं उतरली, एवढं त्यांच्याकडं दिसतंय. पुढचं कुणालाच माहीत न्हाई. अर्ज दिलाय." वासिफनं सॅक खांद्यावर सारली. मग म्हणाला, "तुमीच म्हणलतात, सगळं एका जागी ठेव."

हे बोलला आणि लगेच त्यानं मान खाली घातली.

पण ते खरं होतं. वासिफ सहा वर्षं अंदमानात होता. लोकांना समुद्राखाली फिरवून आणायचं त्याचं काम. त्याच्या उस्तादानं त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून पाण्याखाली श्वास घ्यायचा ते यंत्र, विमानात कधी सामानात टाकायचं नाही. ते मांडीवर घेऊन बसायचं. बाकीचं गेलं तर मागून मिळतं, पण ते आपटलं किंवा हरवलं तर माणूस पाण्यात उतरू शकत नाही. वासिफनं हे फोनवर बापाला सांगितलं, तर बाप म्हणाला, "दोन जागी ठेवलं की दोन घोर. एक बॅग, एक कुलूप, एक नजर." पंप दुरुस्तीच्या धंद्यात त्याची तीच रीत होती. खोललेल्या पंपाचा एकेक नट एकाच परातीत आणि परात एकाच जागी. चाळीस वर्षांत मिस्त्रीचा नट हरवला नव्हता. मुलानं ऐकलं.

बाकी वासिफनं काही कसर ठेवली नव्हती. काचेचा मुखवटा स्टीलच्या जेवणाच्या डब्यात. पायात घालायचे रबरी पंख बॅगेच्या दोन्ही कडांना, धक्का लागला तर त्यांना लागावा म्हणून. रेग्युलेटर जाड रबरी कपड्यात गुंडाळून मधोमध. टॉर्चचे सेल काढून खिशात. प्रत्येक वस्तूवरच्या नंबरचा फोटो. सिलेंडर भरलेला असला तर विमानात घेत नाहीत, म्हणून तपासणीवाल्यांच्या समोर त्यानं सिलेंडर रिकामा केला, व्हॉल्व्ह दोन फेरे उघडा ठेवला आणि त्यावर चिकटपट्टी लावली. आणि पाणबुड्यांची झकपक बॅग घेतली की चोरांचे डोळे जातात, म्हणून घरची साधी बॅग घेतली. ती रहेमतबीची होती.

रहेमतबी म्हणजे जलालुद्दीनची बायको, वासिफची आई. ती शिवणकाम करायची. हजला, उमऱ्याला जाणारे माजलगावातले लोक बॅगेवर घालायची खोळ तिच्याकडूनच शिवून घ्यायचे. पांढरं जाड कापड, कडेनं हिरवी पट्टी, वर नाव, गाव आणि फोन नंबर दोऱ्यानं भरलेला. शाई पुसते, दोरा पुसत नाही, असं ती म्हणायची. शेकडो खोळी शिवल्या. एक स्वतःसाठी शिवून ठेवली होती. ‘रहेमतबी जलालुद्दीन शेख, माजलगाव, जि. बीड.’ तिचं जाणं काही झालं नाही. वासिफ अंदमानला निघाला तेव्हा तिनं तीच बॅग त्याला दिली. म्हणाली, माझं नाव असू दे, कुणी हात लावणार नाही.

गेल्या ऑक्टोबरात ती धरणाच्या पलीकडच्या काठाला एका लग्नघरचे कपडे पोचवायला होडीनं निघाली होती. वारं सुटलं आणि होडी उलटली. सात माणसं होती. सहा निघाली. चार दिवस लोकांनी गळ टाकले, पण होडी उलटली होती ती नेमकी पाण्यात गेलेल्या जुन्या गावावर. गळ कधी पडक्या भिंतींना अडकायचे, कधी बुडालेल्या बाभळींना. पाचव्या दिवशी शोध थांबला. गावानं जनाज्याची नमाज पढली, पण जनाजा नव्हता. कब्रस्तानात जलालुद्दीननं भिंतीकडेची जागा मागून ठेवली होती. ती तशीच होती.

एप्रिलात पाणी उतरलं की त्या जागी पंचवीस फूट राहतं. वासिफ समुद्रात याच्या तिप्पट खाली जातो. म्हणून तो निघाला होता. पंचवीस तारखेला जायकवाडीचं पाणी कालव्यानं माजलगावच्या धरणात सोडणार होते. त्याच्या आत उतरायचं, जे उरलं असेल ते वर आणायचं आणि मातीत ठेवायचं. आता हातात अकरा दिवस होते आणि बॅग नव्हती.

दोघं माजलगावला परतले. वासिफ रोज फोन लावायचा, पलीकडून रोज तेच उत्तर मिळायचं. दुसऱ्याकडून सामान मागावं तर ते अंदमानहून यायला पुन्हा विमान, पुन्हा तोच सामानाचा पट्टा.

एका दुपारी मोंढ्याच्या बाजाराजवळ मिस्त्रीच्या दुकानात धुळाजी आला. धुळाजी मेंढरंवाला. उन्हाळाभर त्याची मेंढरं धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळावर चरायची. होडी उलटली तेव्हा काठावर तोच होता, आणि ती नेमकी कुठं गेली ते तोच दाखवू शकत होता.

"काय मिस्त्री, पोराचं जहाज आलं का न्हाई?"

"बॅग हरवली."

"घ्या! समुद्राच्या तळाचा शंख हुडकतंय पोरगं आन् बॅग हुडकता येईना." धुळाजी पायरीवर बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मिस्त्री, पाणी पार उतरलंय. जुन्या गावच्या मारुतीचा कळस दिसायलाय. पर येक सांगू का? मेंढरं तिकडच्या अंगाला पाण्याला तोंड लावीनात. चार दिवस झाले. हाणलं तरी जाईनात."

"गाळ असंल."

"गाळ तर सगळीकडंच हाय, बे."

शनिवारी फोन आला. नंबर अनोळखी होता. बाईचा आवाज.

"सलाम वालेकुम. मी चौसाळ्याहून रुबीना बोलते. रहेमतबी खाला पोचल्या का घरी?"

जलालुद्दीनच्या हातात पान्हा होता. तो त्यानं परातीत ठेवला.

"कोण?"

"रहेमतबी खाला. माजलगावच्या. हा नंबर त्यांच्या बॅगेवर हाय. त्यांनी बॅग आमच्याकडंच ठिवली. म्हणल्या, माझा माणूस येईल न्यायला. चार दिवस झाले, कुणी आलं न्हाई, म्हणून म्हणलं फोन करावा."

चौसाळ्याला अशफाकचं फळांचं दुकान होतं आणि वर्षातून दोनदा तो लोकांना उमऱ्याला घेऊन जायचा. रुबीना त्याची बायको. रविवारी सकाळी बाप-लेक त्यांच्या घरी पोचले तेव्हा ओट्यावर अजून हार पडले होते. आत पाहुण्यांना खजूर आणि झमझम देणं चालू होतं. बॅग कोपऱ्यात होती. पांढरी खोळ, हिरवी पट्टी, कुलूप जागच्या जागी.

"खोळ आमच्या बॅगांसारखीच," अशफाक म्हणाला. "हमालानं आमच्याच सामानात टाकली असंल. चूक आमची, चाचा. माफ करा."

"पर खाला तर होत्या की बसमधी," रुबीना म्हणाली.

"तू गप गं."

"कावून गप? यास्मिन आपानं बी बघितलं. शेवटच्या सीटवर बसल्या होत्या. मला वाटलं, आपल्यातल्याच कुणीतरी. चाचा, ह्यांनी बॅग डिक्कीत टाकायला घेतली तर म्हणल्या, हळू ठेव, यात हवा हाय. मग पायाशीच ठिवून घेतली. धाब्यावर सगळे उतरले, त्या न्हाई उतरल्या. चहा दिला तर नको म्हणल्या."

"कशी दिसत होती?" वासिफनं विचारलं.

"बुटक्या. डाव्या हाताच्या बोटात, सुई टोचू नये म्हणून घालतात ती, शिवणीची टोपी होती. ती काढलीच न्हाई त्यांनी."

 त्या दिवशी होडीत बसतानासुद्धा रहेमतबीच्या बोटात ती टोपी होती. शेवटचा टाका ती होडीतच घालणार होती.

अशफाकनं त्याला ओट्यावर आणलं. "चाचा, बायका थकलेल्या होत्या. कोण कुठं बसलं, कुणाच्या ध्यानात राहतंय? पर खोटं कशाला बोलू, येक गोष्ट मला बी उमगली न्हाई. मी दर थांब्याला माणसं मोजतो. आमी एकतीस. बसमधी दर वेळी बत्तीस भरायचे. मला वाटलं, मीच ड्रायव्हरला मोजतोय."

"आणि ती शेवटची सीट?" जलालुद्दीननं विचारलं.

"ओली होती. एसीचं पाणी गळलं असंल."

माजलगावला दुकानात आणून त्यांनी बॅग उघडली. शिवण जशीच्या तशी, कुलपाला ओरखडा नाही. सगळं सामान होतं. मुखवटा डब्यात, काच शाबूत. पंख कडेला. रेग्युलेटर रबरी कपड्यात. वासिफनं एकेक नंबर फोटोशी ताडला आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

"अब्बा, काहीच गेलं न्हाई. खरोंचसुद्धा न्हाई."

मग त्यानं सिलेंडर उचलला, आणि थांबला.

"काय झालं?"

"जड लागतोय." त्यानं व्हॉल्व्ह पाहिला. चिकटपट्टी तशीच होती, तिच्यावर तपासणीवाल्याची सही तशीच होती. पण पट्टीखालचा व्हॉल्व्ह बंद होता. वासिफनं पट्टी काढली, रेग्युलेटर जोडला, व्हॉल्व्ह हळूच उघडला आणि मीटर पाहिला. काटा दोनशेवर गेला.

सिलेंडर गळ्यापर्यंत भरलेला होता.

"मीटर अडकलाय," वासिफ म्हणाला.

जलालुद्दीननं मीटरवर बोटानं टिचकी मारली. काटा हलला नाही. हवेचं काम त्याला शिकवायची गरज नव्हती. ट्रकच्या टायरात हवा भरायचे कॉम्प्रेसर त्यानं उभा जन्म दुरुस्त केले होते. दोनशेचा दाब बसमध्ये, घराच्या कोपऱ्यात, बंद बॅगेत भरला जात नाही. त्याला मोठं यंत्र लागतं. असं यंत्र तेलगावच्या पुढं एका कारखान्यात होतं, आग विझवणाऱ्यांच्या सिलेंडरांसाठी, आणि तिथंच ते हवा भरायला जाणार होते. त्यानं रेग्युलेटर काढला, व्हॉल्व्ह केसभर उघडला आणि नाक जवळ नेलं.

चांगल्या हवेला वास नसतो. या हवेला होता. ओल्या गाळाचा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा.

त्यानं व्हॉल्व्ह बंद केला.

वासिफनंही वास घेतला.  मग कामाच्या माणसासारखं बोलला, "अब्बा, ही हवा कुठली, मला माहीत न्हाई. माहीत नसलेली हवा आमी पीत न्हाई. सोडून देऊ. उद्या कारखान्यात धुवून नवी भरू, परवा उतरतो. अजून पाच दिवस हायेत."

"सोडू नको."

"मग हीच लावून उतरू?"

"उतरू बी नको."

"मग करायचं काय?"

 बापानं सिलेंडर उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन रहेमतबीच्या मशीनशेजारी ठेवला. हळू ठेवला.

सोमवार गेला. मंगळवार गेला. वासिफ रोज बोलायचा, कधी समजुतीनं, कधी चिडून. "अम्मी तिथं सहा महिने पडलीय. मी हजार मैलांवरून आलोय. तुमाला तिला आणायचंय का न्हाई?" जलालुद्दीनला आणायचं होतं. दुसरं काही नकोच होतं त्याला. पण व्हॉल्व्हवर हात गेला की बोटं वळायची नाहीत. ही हवा सोडली की मोंढ्याच्या धुळीत जाणार, आणि तिचं म्हणून जे काही परत आलं होतं ते तेवढंच होतं. आणि पोराला तीच हवा देऊन खाली पाठवायचं, तर ती पोराला वाट दाखवायला आली होती की न्यायला, हे कोण सांगणार? रुबीनानं तिचं बोलणं ऐकलं होतं, पण तिनं काय सांगितलं? हळू ठेव, यात हवा हाय. एवढंच.

मग त्याला दिसलं की काटा उतरतोय.

त्यानं स्वतःचा मीटर बसवून घेतला होता आणि रोज सकाळी बघायचा. सोमवारी एकशेनव्वद. मंगळवारी एकशेऐंशी. साबणाचा फेस करून त्यानं व्हॉल्व्हला लावला, मानेला लावला, जोडाला लावला. गळती असली तर फेसाला बुडबुडा येतो. तासभर बसून राहिला, एकही बुडबुडा आला नाही.

"तुमी रोज उघडून बघता, त्यानंच उतरतोय," वासिफ म्हणाला.

म्हणून बुधवारी त्यानं बघितलं नाही. गुरुवारी बघितलं नाही. शुक्रवारी जुम्याची नमाज पढून आला आणि बघितलं. एकशेपन्नास. दिवसाला दहा, बघितलं तरी आणि नाही बघितलं तरी.

वासिफनं तो आकडा पाहिला. त्याच्या कामात हे रोजचंच होतं. पाण्याखाली माणूस श्वास घेतो आणि वर होडीत बसलेला माणूस हिशेब करतो की खाली अजून किती वेळ निघेल.  त्यानंतर त्यानं हवा सोडायचं नावही काढलं नाही.

त्या संध्याकाळी तो धुळाजीला घेऊन काठावर गेला. धुळाजीनं काठीनं जागा दाखवली. पाणी सपाट होतं. मारुतीच्या कळसाच्या उजव्या हाताला, वीसेक हातांवर, मधून मधून बुडबुडे येत होते. चार-पाच यायचे, मग बंद. थोड्या वेळानं पुन्हा चार-पाच.

"गाळातला वायू असतो," वासिफ म्हणाला.

"आसंल की," धुळाजी म्हणाला. "पर मी इथं तीस वरीस मेंढरं चारतो. गाळ कदी मोजून बुडबुडे सोडतो का?"

वासिफनं अंगावरचा शर्ट काढला, पुन्हा घातला. रेग्युलेटर घरी होता, सिलेंडर घरी होता. त्यानं तिथूनच बापाला फोन केला आणि बुडबुडे सांगितले. जलालुद्दीन पलीकडून नुसता श्वास घेत होता.

"आणू का सिलेंडर, अब्बा? सांगा. उद्या पाणी येतंय."

"तिची हवा हाय ती," जलालुद्दीन म्हणाला. "तिला कमी पडंल."

फोन तसाच चालू राहिला. मग धुळाजीनं तो वासिफच्या हातातून घेतला आणि ओरडला, "आरं मिस्त्री, बायको तिकडं पाण्यात आन् तू तिची हवा कोंडून बसलास व्हय! पोराला जाऊ दे न्हाईतर सोडून दे. कायतरी येक कर, बे!"

जलालुद्दीननं काहीच केलं नाही.

शनिवारी कालव्यानं पाणी आलं. सोमवारपर्यंत कळस बुडाला. गाळावरची मेंढरं वर आली. धुळाजी सांगत होता की आता ती कुठल्याही काठाला पाणी पितात.

वासिफची सुट्टी संपली. या वेळी त्यानं रेग्युलेटर सॅकमध्ये घातला, मांडीवर घेऊन बसायला, आणि बाप त्यावर काही बोलला नाही. बाकीचं सामान त्यानं बाजारातून आणलेल्या नव्या बॅगेत भरलं. आईची बॅग त्यानं घरी ठेवली आणि सिलेंडरही ठेवला. बसस्टँडवर तो म्हणाला, "पुढच्या एप्रिलात येतो. तवर काटा किती उतरतो ते कळवा."

जलालुद्दीननं मान हलवली. एप्रिलपर्यंत काटा पुरणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

आज काटा साठवर आहे. फेस लावला, बुडबुडा नाही. दुकान चालू आहे, पंप येतात, जातात. कब्रस्तानातली भिंतीकडेची जागा मोकळी आहे. सिलेंडरातली हवा सोडलेली नाही. रहेमतबीला पाण्यातून वर आणायचं राहिलं आहे.